आहारशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आलात? आधी घरची भाकरी तोला

दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये गावाकडच्या एखाद-दुसऱ्या मुलीचा फोन येतोच. "ताई, न्यूट्रिशनला नंबर लागला. पुस्तकं कोणती घेऊ?" मी म्हणते, पुस्तकं ग्रंथालयात मिळतील, तू आधी वजनकाटा घे. स्वयंपाकघरातला, सेलवर चालणारा, एका ग्रॅमपर्यंत मोजणारा. आणि सुट्टीत घरी गेलीस की आई भाकरीला बसेल तेव्हा तिच्या शेजारी बस.

मी जिंतूर तालुक्यातल्या खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बारावी सायन्स, गृहविज्ञानाची पदवी आणि डाएटेटिक्सचा पदव्युत्तर डिप्लोमा. नऊ वर्षं झाली, रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि शनिवारी पहिल्या वर्षाच्या मुलींचं प्रॅक्टिकल घेते. तिथे जे दर वर्षी नव्यानं सांगावं लागतं, ते इथे लिहिते आहे.

प्रवेशाबद्दल थोडक्यात. मुंबईत एसएनडीटी आणि निर्मला निकेतन, आमच्याकडे परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय (जुनं नाव गृहविज्ञान) अशा ठिकाणी हा विषय पदवीला शिकवतात. नुसत्या पदवीवर रुग्णालयात आहारतज्ज्ञाची नोकरी मिळणं अवघड असतं. त्यापुढे एम.एस्सी. किंवा डाएटेटिक्सचा डिप्लोमा, रुग्णालयातली इंटर्नशिप, आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची परीक्षा असा रस्ता आहे. तो लांबचा आहे, पण पाया पहिल्या दोन सत्रांतच पडतो.

हात बसवणं

पहिल्या प्रॅक्टिकलला मी मुलींना विचारते, तुमच्या घरची एक भाकरी किती ग्रॅमची? कुणी तीस म्हणतं, कुणी पन्नास. पुस्तकात 'एक चपाती' म्हणून जो आकडा वाचलेला असतो तोच सांगतात. मीही तेच सांगितलं होतं. मग दिवाळीच्या सुट्टीत पिठाचा डबा तोलला, आईनं नऊ भाकरी थापल्या, नंतर डबा पुन्हा तोलला. आठशे दहा ग्रॅम पीठ गेलं होतं, थापताना लावलेलं धरून. म्हणजे भाकरी नव्वद ग्रॅमची. आमच्या होस्टेलच्या मेसमधली पोळी होती पंचवीस ग्रॅमची. आईची एक भाकरी म्हणजे मेसच्या साडेतीन पोळ्यांहून जास्त. "मी दोनच भाकरी खातो" असं सांगणारा माणूस कमी खातो की भरपूर, हे त्या घरचा डबा तोलल्याशिवाय कळत नाही.

हीच पद्धत सगळ्याला लावा. एक स्टीलची वाटी ठरवा, तिच्यात किती मिलीलीटर पाणी मावतं ते मोजून खाली रंगानं लिहून ठेवा. माझी दीडशेची आहे. त्या वाटीभर मध्यम घट्ट वरणाला तीस ग्रॅम तूरडाळ लागते. तुमच्याकडे वरण पातळ करत असतील तर वीसच लागेल, म्हणून माझा आकडा उचलू नका, स्वतः शिजवून बघा. उसळ, पिठलं, भात, पोहे, शेंगदाण्याची मूठ, चमचाभर तेल, चहातली साखर. दोन महिन्यांत अशी पन्नास-साठ मापं वहीत आली की तुम्हाला ताट बघून अंदाज येऊ लागेल. परीक्षक व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, नेमकं हेच विचारतात.

इथेच एक चूक हमखास होते. कोणत्या पदार्थात काय किती असतं, हे सांगणाऱ्या कोष्टकातले बहुतेक आकडे शंभर ग्रॅम कच्च्या आणि खाण्याजोग्या भागाचे असतात. भात शिजल्यावर अडीच-तीन पट भरतो. दीडशे ग्रॅम शिजलेला भात तोलून त्याला कच्च्या तांदळाचा आकडा लावला तर पाचशेच्या वर कॅलरी येतात. खरं उत्तर दोनशेच्या आत आहे. शेवग्याच्या शेंगा, केळं, कणीस यांचं वजन टाकाऊ भाग काढल्यावरच घ्यायचं.

तेल मात्र ताटात तोलता येत नाही, ते महिन्याच्या किराण्यावरून काढा. पाच माणसांना पाच लिटरचा डबा महिनाभर पुरत असेल तर ते साधारण साडेचार किलो तेल झालं. पाच माणसं, तीस दिवस: माणशी रोज तीस ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या दोन हजार कॅलरींच्या ताटात तेल-तूप धरून २७ ग्रॅम सांगितलं आहे. पण त्याच ताटात डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४००, दूध-दही ३०० मिली आणि धान्य फक्त २५० ग्रॅम आहे. ८५ ग्रॅम म्हणजे माझ्या वाटीनं जवळजवळ तीन वाट्या वरण-उसळ. तुमच्या घरचा हिशेब या आकड्यांशेजारी मांडा. आपल्याकडे ताट कुठे जड आणि कुठे रिकामं असतं ते पहिल्याच आठवड्यात दिसेल.

आकड्यांचं साल बघा

सीनियर मुलींच्या नोट्स जरूर घ्या, पण त्यातल्या प्रत्येक कोष्टकावर साल शोधा. आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० मध्ये रोजच्या गरजांचे आकडे बदलले. प्रौढ स्त्रीला लोह आधी २१ मिलिग्रॅम होतं, ते २९ झालं. कॅल्शियम ६०० वरून १००० झालं. ज्याच्यावरून हे आकडे काढतात तो संदर्भ पुरुष ६० किलोचा होता, तो ६५ चा झाला. स्त्री ५५ चीच राहिली. जुन्या नोट्सवरून आहाराचा बेत केला तर लोहाचं उत्तर तिथेच चुकतं.

अन्नघटकांच्या कोष्टकांचंही तसंच. आम्ही शिकलो ते गोपालन आणि सहकाऱ्यांच्या १९७१ च्या पुस्तकावर. २०१७ मध्ये हैदराबादच्या त्याच पोषण संस्थेनं ५२८ पदार्थांची नवी कोष्टकं काढली, देशाच्या सहा विभागांतून नमुने घेऊन. नवं कोष्टक उघडलं आणि ज्वारीसमोर १३९८ दिसलं तर घाबरू नका. ऊर्जा तिथे किलोजूलमध्ये आहे, ४.१८४ नं भागा, ३३४ कॅलरी येतील. एका बेतासाठी एकच कोष्टक वापरा आणि जर्नलच्या वरच्या कोपऱ्यात त्याचं नाव लिहा. अर्धे आकडे जुने, अर्धे नवे अशी बेरीज तपासणाऱ्याला लगेच कळते.

आणखी एक गोष्ट पहिल्या सत्रात नीट समजून घ्या, कारण पुढे ती गृहीत धरतात. सरासरी गरज आणि शिफारस केलेलं प्रमाण हे दोन वेगळे आकडे आहेत. प्रथिनांची सरासरी गरज किलोमागे ०.६६ ग्रॅम, शिफारस ०.८३ ग्रॅम. पहिला आकडा निम्म्या निरोगी लोकांना पुरतो, दुसरा जवळजवळ सगळ्यांना. म्हणून एखादा माणूस ०.७५ वर असेल तर त्याला 'कमतरता आहे' असं लिहायचं नाही, 'कमी पडण्याची शक्यता आहे' असं लिहायचं. ऊर्जेला मात्र अशी वाढवलेली शिफारस नसते, सरासरीच धरतात, कारण जास्तीचं प्रथिन शरीर वापरून टाकतं, पण जास्तीची ऊर्जा चरबी होऊन बसते.

घास कुठे जातो

मराठी माध्यमातून आलेल्या मुली बायोकेमिस्ट्रीच्या तासाला गप्प होतात. मी पहिलं सत्र असंच काढलं. मग एका मैत्रिणीबरोबर वहीची तीन रकान्यांत वाटणी केली: इंग्रजी शब्द देवनागरीत, त्याचा मराठी अर्थ, आणि ताटातलं उदाहरण. अमायलेज, लाळेतलं पिष्ट फोडणारं विकर, भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो. असे तीनशे शब्द झाल्यावर वर्गात बाई काय बोलतात ते कळायला लागलं.

पचनाचा धडा पाठ करण्याआधी भाकरीच्या एका घासाचा प्रवास कागदावर काढा. तोंडात पिष्टाची फोड सुरू होते, जठरातल्या आम्लात ते काम थांबतं, तिथे प्रथिनांना हात लागतो, लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस येतो, शेवटी ग्लुकोज रक्तात उतरून आधी यकृताकडे जातं. एकदा हे हातानं काढलं की मधुमेहात काय बिघडतं हे वेगळं शिकावं लागत नाही. लोहाचंही तसंच करा. भाजी-भाकरीतलं लोह शोषायला कठीण रूपात असतं, लिंबातलं क जीवनसत्त्व ते सोपं करून देतं, चहातलं टॅनिन त्याला धरून ठेवतं. जेवणावर लगेच चहा का नको, याचं उत्तर तुमच्या चित्रातच असेल.

जीवनसत्त्वांचा धडा रटाळ वाटला तर त्यांच्या शोधाच्या हकिकती वाचा. जावामध्ये आइकमन या डच डॉक्टरनं कोंडा काढलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडताना पाहिले, त्यातून बेरीबेरीचं, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं होणाऱ्या रोगाचं, कारण उलगडत गेलं. मला सगळ्यात जवळची वाटते ती पेलाग्राची हकिकत. पुस्तकात पेलाग्रा मका खाणाऱ्यांचा रोग म्हणून येतो: कातडी काळवंडणं, जुलाब, मनाचं भान जाणं. पण दख्खनमध्ये तो ज्वारीवरच दिवस काढणाऱ्या गरिबांना होत होता. हैदराबादच्या गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतल्या जास्तीच्या ल्युसीनकडे (प्रथिनातलं एक अमिनो आम्ल) बोट दाखवलं. पुढे त्यावर बराच वाद झाला. ज्वारी वाईट, असा याचा अर्थ मुळीच नाही. मी स्वतः रोज ज्वारीच खाते. अडचण होती ती ताटात ज्वारीशिवाय दुसरं काहीच नसण्याची. पेलाग्रा होतो नायसिन या ब जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं. शरीर ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या अमिनो आम्लापासून थोडं नायसिन स्वतः बनवतं, साठ मिलिग्रॅमपासून एक. डाळ, दूध, शेंगदाणे असले की ती सोय होते. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायकांच्या गळ्यापाशी आणि हातांवर असले काळे चट्टे असत, असं आईनं सांगितलं तेव्हा हा धडा मला परीक्षेपुरता राहिला नाही.

विचारायला शिकणं

चोवीस तासांचा रिकॉल, म्हणजे कालच्या दिवसभरात काय काय खाल्लं ते आठवायला लावून लिहून घेणं, हे तुमचं पहिलं खरं हत्यार. "काल काय खाल्लं?" असं विचारलं तर बाई म्हणणार, "काय खाणार, भाजी-भाकरी." म्हणून खाण्याबद्दल नाही, दिवसाबद्दल विचारा. किती वाजता उठलात? उठल्यावर पहिलं काय केलं? चहा कुणी केला, किती साखर घातली? शेतात डबा नेला का, तो किती जणांत खाल्ला? संध्याकाळी सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात काय उरलं होतं? शेवटचा प्रश्न मी कधीच चुकवत नाही. घरात वाटीभर वरण प्रत्येकाला पुरलं असं लिहिलं जातं, आणि करणारीच्या ताटात तळाचं पाणी आलेलं असतं. वाटी दाखवा, भाकरीचा आकार हातानं दाखवायला सांगा, आणि चेहऱ्यावर नापसंती येऊ देऊ नका. ती आली की पुढची सगळी उत्तरं तुम्हाला आवडतील अशीच मिळतात.

एका दिवसावर विसंबू नका. गुरुवार किंवा एकादशी निघाली तर साबुदाणा येतो, ज्यात प्रथिन जवळजवळ नसतंच. खिचडीतलं जे काही असतं ते दाण्याच्या कुटाचं. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी विचारलं तर घरात मेथी-पालक असतात, बाजाराच्या आदल्या दिवशी विचारलं तर बटाटा आणि चटणी. तीन दिवस घ्या, त्यात एक सुट्टीचा.

आणि एक कळकळीची सूचना. पहिल्या वर्षात तुम्ही निरोगी माणसाचा आहार शिकता. नातेवाईक मात्र लगेच साखरेचं, बीपीचं, मूतखड्याचं विचारू लागतात. दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या काकांना अशक्तपणा आला म्हणून मी त्यांना रोज शहाळं आणि भरपूर फळं सांगितली. त्यांच्या किडन्या आधीच अधू होत्या, ते मला माहीत होतं. पण शहाळ्यात पोटॅशियम किती असतं आणि अधू किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, हे माहीत नव्हतं. नशिबानं पुढच्याच तपासणीत पोटॅशियम वाढलेलं सापडलं आणि ते थांबलं. आजही मुलींना हे सांगताना मला त्या दिवसाची भीती आठवते. आजारी माणसानं विचारलं तर "डॉक्टरांना आणि तिथल्या आहारतज्ज्ञांना विचारा" एवढंच म्हणा. त्यात कमीपणा नाही.

पहिला बेत

'कष्टकरी स्त्रीचा एक दिवसाचा आहार' हे सबमिशन बहुतेक सगळीकडे असतं. मी माझ्या पहिल्या बेतात सकाळी अकराला एक फळ आणि पाचला मोडाची भेळ लिहिली होती. बेत केला होता आमच्या गल्लीतल्या वहिनीसाठी. अकराला त्या कापसाच्या ओळीत वाकलेल्या असत आणि पाचला परतीच्या टेम्पोत. तेव्हापासून मी आधी ती बाई काय खाते ते लिहिते आणि त्यातच फेरफार करते. तुम्हीही तसंच करा.

वहिनींचा हिशेब असा होता. वय २८, वजन ५५ च्या जवळपास, काम मध्यम कष्टाचं धरलं तर गरज २१३० कॅलरी, प्रथिनं ४६ ग्रॅम, लोह २९ मिलिग्रॅम. दिवसभरात तीन भाकरी, म्हणजे २७० ग्रॅम ज्वारी: ९०० कॅलरी, २७ ग्रॅम प्रथिनं. साठ ग्रॅम तांदळाचा भात, एक वाटी वरण, वीस ग्रॅम दाण्याची चटणी, थोडी वांग्याची भाजी, पंचवीस ग्रॅम तेल, तीन चहा. एकूण साधारण १७६० कॅलरी आणि ४७-४८ ग्रॅम प्रथिनं.

इथे मुली थांबतात आणि लिहितात, 'प्रथिनं पुरेशी.' थांबू नका. पहिलं असं की ऊर्जा पावणेचारशेनं कमी पडते आहे, आणि ऊर्जा कमी पडली की शरीर प्रथिनंही इंधन म्हणून जाळतं. दुसरं, त्या ४७ पैकी निम्म्याहून जास्त ज्वारीतून आली आहेत, आणि ज्वारीत लायसिन हे गरजेचं अमिनो आम्ल तोकडं असतं. लायसिन डाळीत मुबलक, डाळीत कमी असलेलं मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल धान्यात. वरण-भात, खिचडी, भाकरी-उसळ हे म्हणून एकत्र. ज्वारीच्या मानानं डाळ वाढली तरच ती ४७ कामाला येतील. तिसरं, लोह निम्म्याच्या आसपासच आहे.

मग फेरफार: डब्यात वाटीभर मटकीची उसळ (शंभर कॅलरी, सहा-सात ग्रॅम प्रथिन), सोबत लिंबाची फोड. तीस ग्रॅम भाजलेले शेंगदाणे कमरेच्या पिशवीत, वेचता वेचता खाण्याजोगे, दीडशे कॅलरी. आणखी अर्धी भाकरी. बाजाराच्या दिवसापासून तीन दिवस मेथी, पालक, चवळी, जे स्वस्त असेल ते. रात्री एक वाटी ताक. जेवणानंतरचा चहा तासभर पुढे. ऊर्जेची बेरीज जमली. लोह वाढलं, तरी २९ ला पोचलं नाही. जर्नलमध्ये तसंच प्रामाणिकपणे लिहा, आणि आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यायला सांगितलं हेही लिहा.

सबमिशन झालं की बेत संपला असं समजू नका. महिन्याभरानं परत जा. मी गेले तेव्हा उसळ आणि लिंबू टिकलं होतं, शेंगदाणे मुलंही खायची म्हणून दुप्पट भाजले जात होते. ताक मात्र एकदाही झालं नव्हतं. म्हैस दिवाळीआधीच विकली होती, आणि ते मी विचारलंच नव्हतं. ताकाची ओळ खोडली, तिथे तीळ-जवसाची चटणी लिहिली, आणि वहिनींच्या ओट्यावर बसून बेरीज पुन्हा केली.